मोजून घडवलेले बैल

२३ जून २०२५, सोमवार

विदर्भातील शाळा आज उघडल्या. सकाळीच शाळेत जाऊन मुख्याध्यापिका रीना मेश्राम यांच्यापुढे प्रस्ताव मांडला. सौ. ज्योत्स्ना ही आमच्या गावच्या या शाळेत अनेक वर्षे चित्रकला व कार्यानुभव शिकवत आली आहे. तूर्तास तिचे तास रिकामे आहेत. मी ब्रह्मपुरीच्या कनिष्ठ महाविद्यालयातून गणिताचा अधिव्याख्याता म्हणून निवृत्त झालो असून मला वेळ आहे. तेव्हा दर शनिवारी, मुले दप्तर आणत नाहीत त्या दिवशी, सहावी-सातवीचा कलेचा तास मी घ्यावा.

रीना मॅडम टेबलावरचे पेपरवेट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, बाईंना जाऊन अजून दोन महिनेही नाही झाले. इतक्यात कशाला? घरी आराम करा." मी त्यांना सांगितले की आराम मी निवृत्तीपासून करतोच आहे, आणि मे महिन्यातील घटनेचा व या प्रस्तावाचा परस्परांशी काहीही संबंध नाही. त्या म्हणाल्या, "या मग."

माझी मनःस्थिती स्थिर आहे, हे येथे नोंदवून ठेवतो. लोक मात्र माझ्याशी आवाज उतरवून बोलतात, जणू मी एखाद्या परीक्षेत नापास झालो आहे आणि निकाल मला कुणी सांगितलेला नाही.

२५ जून, बुधवार

उपक्रम निश्चित झाला. शीर्षक: 'मृत्तिकाशिल्पातून गुणोत्तर व प्रमाण'.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. मुले आपापले नंदी घेऊन घरोघर फिरतात, घरची बाई बैलाला ओवाळते आणि मुलाच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ किंवा छोटीशी भेट, ठेवते. लाकडी नंदी सर्वांकडे नसतो. म्हणून ज्योत्स्ना दरवर्षी शाळेत मुलांकडून मातीचे बैल करून घेते, आणि मग ती सगळी फौज सर्वप्रथम आमच्याच दारात येते. मी त्या वेळी आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत असतो. आवाज फार होतो.

तिच्या पद्धतीत उत्साह आहे, शास्त्र नाही. ज्याला जसा सुचेल तसा बैल. कुणाचा डुकरासारखा, कुणाचा पाटासारखा. ती सर्वांना छान म्हणते. मी सर्व बैल प्रमाणबद्ध करून घेणार. मातीत हात घालता घालता गुणोत्तर शिकून होईल आणि मुलांना त्याचा पत्ताही लागणार नाही.

यशाचा निकष एकच ठेवला आहे, म्हणजे मागाहून वाद नको. २३ ऑगस्टला, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, मुले दरवर्षीप्रमाणे बैल घेऊन आमच्या दारात आली पाहिजेत. आली म्हणजे उपक्रम यशस्वी. आमच्या घरी सर्व काही यथास्थित चालू आहे, हेही त्यातून आपोआप सिद्ध होईल.

२८ जून, शनिवार

पहिला तास. मुलांनी धानाच्या बांधीतून माती आणली होती. मी व्हर्निअर कॅलिपर नेला होता. फळ्यावर लिहिले: लांबी, उंची, शिंग = ५ : ३ : १.

शेजारच्या गुणाबाईंची नात उर्वशी सातवीत आहे. मागच्या बाकावरून म्हणाली, "सर, बैल चरत असन त मान खाली राह्यते. मंग उंची कोनती धराची?"

आपला बैल चरणार नाही, असे मी सांगितले.

"बसला असन त?"

बसणारही नाही.

"मंग दिवसभर करते का हा बैल?"

कय्यूम सुतारांचा कैफ म्हणाला, "झेंड्याले सलामी देते." वर्ग हसला. हसू दिले, पहिला दिवस आहे.

तासाच्या शेवटी सर्व बैल ओळीने खिडकीत ठेवले. सर्व एकसारखे. एक इकडचा तिकडे केला तरी कळू नये, इतके. फार समाधान वाटले.

संकल्प: पुढील शनिवारपासून वर्गात हसणे नाही.

१ जुलै, मंगळवार

सर्व बैल तडकले. रीना मॅडमनी शिपायाकरवी निरोप पाठवला म्हणून जाऊन पाहिले. काहींची डोकी खाली पडली होती. कारण उघड आहे: हवेतील आर्द्रता. यात पद्धतीचा दोष नाही.

उर्वशी मधल्या सुट्टीत मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "मातीत भुसा मिसळा लागते सर. बाई मिसळाच्या. अन् दोन दिवस सावलीतच ठेवाच्या." हे खरे की काय, ते घरी गेल्यावर ज्योत्स्नाला विचारावे असे ठरवले.

घरी आल्यावर वेगळी कामे निघाली.

३ जुलै, गुरुवार

भुसा आणण्याची सूचना पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. ग्रुप ज्योत्स्नाच्या फोनवर आहे, ॲडमिन तीच. त्या फोनचा रिचार्ज मी वेळेवर करतो. चालू नंबर बंद पडू देणे व्यवहार्य नसते. संदेश मुद्देसूद होता: "सर्व विद्यार्थ्यांनी येताना भुसा आणावा. विसरू नये. मी शनिवारी भेटेनच."

कुणाचेही उत्तर नाही. पालकांमध्ये शिक्षणाविषयी अनास्था आहे.

४ जुलै, शुक्रवार

गुणाबाई सकाळी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सर, तुमी हे का करून राह्यले जी? काल फोन वाजला, पाह्यतो त बाईचा फोटो. अन् शनिवारी भेटतो म्हणते! सुनेच्या हातचं दुधाचं भरलं गंज पडलं न बाप्पा. तो तुमच्या वर्गातला निकेश त शनिवारी शाळेतच जात नाई म्हणते."

मी त्यांना समजावून सांगितले की फोन एकाचा आणि मजकूर दुसऱ्याचा असू शकतो. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. नंतर डोळ्यांना पदर लावून आत गेल्या. चुलीचा धूर असावा.

दुपारी रीना मॅडमनी माझा नंबर ग्रुपवर घेतला. ज्योत्स्नाचा काढून टाकायचा का, असे त्यांनी हळूच विचारले. मी म्हणालो, तिने ग्रुपचा कोणताही नियम मोडलेला नाही.

नंबर राहिला.

१० जुलै, गुरुवार

आज आखाडी, आषाढाची पौर्णिमा. दरवर्षी शेजारच्या तीन-चार घरांतून वडे-पुऱ्यांची ताटे येतात. यंदा एकही आले नाही. सततच्या पावसात लोकांनी तळण टाळले असावे. वास मात्र येत होता.

ब्रह्मपुरीहून मनकर्णाचा, माझ्या धाकट्या बहिणीचा, फोन आला. "भाऊ, पयला सण हाय. मी डबा घेऊन येतो. सण काढून टाकू."

आमच्याकडील रीत अशी आहे की घरात मृत्यू झाला की त्या घराचा सण अडतो. कढई चढत नाही, गोड होत नाही, शेजारी ताट पाठवत नाहीत, आणि सणाचे म्हणून कुणी दारातही येत नाही. मग जवळचे माणूस आपल्या घरून गोडाचा डबा आणते आणि घरच्याला पहिला घास भरवते. त्यानंतर घराला सण मोकळा होतो. याला सण काढणे म्हणतात. मी मनकर्णाला सांगितले की अशा रीती मी मानत नाही. शिवाय आमच्या घरचा सण अडलेलाच नाही, तेव्हा काढणार काय?

ती म्हणाली, "अडला नाई त आज का जेवला, सांग."

मी पावसाचा विषय काढला. (पोहे.)

१९ जुलै, शनिवार

गावात धानाचे रोवणे जोरात आहे. बरीच मुले आयांबरोबर बांधीत गेली आहेत, त्यामुळे वर्ग अर्धा. जी आली त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. पुन्हा माती हातात घ्यायला सांगितली तर कैफ म्हणाला, "सर, याइनं सकाळपासून मातीच केली. आज याइले चित्र पाहू द्या." त्याला अवांतर बोलू नये अशी ताकीद दिली.

गुणोत्तराचा दुसरा भाग फळ्यावर समजावून सांगत असताना उर्वशी झोपी गेली. तिचा गाल तिच्याच बैलावर होता. पहाटेपासून धानाचे परे, म्हणजे रोपे, खणत होती, असे कैफ म्हणाला. उठवायला हवे होते. झोपलेला विद्यार्थी वर्गाची शिस्त बिघडवतो. पण मी उरलेला तास हळू आवाजात घेतला.

जागी झाली तेव्हा बैलाची पाठ सपाट झाली होती आणि तिच्या गालावर शिंगाचा ठसा होता. मुले हसली. तिने बैलाकडे बघितले आणि म्हणाली, "बसवून देतो सर याले. थकला."

तो बैल तसाच ठेवून घेतला. नियमाला एखादा अपवाद असल्याने नियम मोडत नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

आज उपक्रमाची पद्धत पूर्णतः सिद्ध झाली.

उर्वशी आल्याबरोबर म्हणाली, "सर, तुमचं पाचास तीन चुकलं." तिने त्यांच्या गोठ्यातला ढवळ्या नावाचा बैल विती-बोटांनी मोजला होता. उभा असताना लांबी किती विती, उंची किती विती. बसल्यावर परत तेच. तिचे म्हणणे असे की बसल्यावर लांबी तेवढीच राहते पण उंची निम्मी होते, तेव्हा एकच प्रमाण दोन्ही बैलांना लावता येणार नाही. "बसलेल्याचं पाचास दीड होते सर. म्हणजे दहास तीन."

मी तिला विचारले, दहास तीन कुणी सांगितले. म्हणाली, "कोनी सांगाले पायजे का? दोन्हीकडे दुप्पट केलं."

मग कैफ म्हणाला, शिंगांचे बोल. उर्वशी म्हणाली, ढवळ्याचा कान अर्धी वीत आणि शिंग कानाच्या दुप्पट. आणि निकेश, जो आजवर वर्गात एकदाही बोललेला नाही आणि ज्याला अपूर्णांक येत नाहीत असे रीना मॅडमनी मला पहिल्याच दिवशी सांगितले होते, तो जागेवरून म्हणाला, "मंग शिंग एक वीत." सगळ्यांनी वळून पाहिले. तो लाजून बाकाखाली माती शोधू लागला.

त्यानंतर प्रत्येकाने ठरवले की आपला बैल आपल्या घरच्यासारखा करायचा. ज्याच्या घरी बैल नाही त्याने बकरी मोजून आणायची. मी हरकत घेतली नाही. कॅलिपर पिशवीतच राहिला.

हे सर्व घरी जाऊन कुणाला तरी सांगावे अशा योग्यतेचे होते. येथे लिहिले.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. शाळेला सुट्टी. मनकर्णा सकाळच्या बसने आली. राखी बांधली. पिशवीतून स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला. शेवयांची खीर आणि करंज्या, असे म्हणाली. मला पाटावर बसवून म्हणाली, "तोंड उघड भाऊ. एकच घास."

मी उभा राहिलो. सांगितले की मी नुकताच नाश्ता केला आहे.

"काऊन असा करतं? वहिनीचा सण काढला नाई त घर अडून राह्यते. कोनी दारात येणार नाई तुह्या."

मी म्हणालो, २३ तारखेला सर्व मुले येणार आहेत, ते पाहायला तूच ये. आणि ज्या घरातले काहीही संपलेले नाही त्या घरात सण काढण्याचा प्रश्न उद्भवत नाही. आवाज चढला असावा. मनकर्णाने डब्याचे झाकण काढलेले नव्हते. ती तो हातात घेऊन थोडा वेळ बसली. मग विचारले, "तिची साडी अजून दोरीवर काऊन हाय?"

पावसाळ्यात कपडे लवकर वाळत नाहीत, असे सांगितले. दुपारच्या बसने डबा न उघडता परत गेली.

बस सुटेपर्यंत थांबलो. तिने खिडकीतून हात केला नाही. बहुधा गर्दीमुळे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

बैल वाळले. एकही तडकला नाही. (भुसा.) शनिवारी सुट्टी, म्हणून तास आजच घेतला. आता रंग.

कलेच्या खोलीतील कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे. मे महिन्यापासून कपाट उघडलेले नाही. सामानाची नासधूस होऊ नये, हा हेतू. मुलांना सांगितले की मातीचा नैसर्गिक रंगच शैक्षणिकदृष्ट्या उचित आहे. कैफ पुटपुटला, "कपाट उघडाले भेव लागते सरले." मी ऐकले नाही असे दाखवले. उर्वशीने त्याला कोपराने ढोसले आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "सर, मी उघडू का? तुमी मागे उभे राहा."

मीच उघडले. रंगाच्या बाटल्या होत्या. उन्हाळाभर पत्र्याच्या खोलीत राहून आतला रंग आक्रसून दगड झाला होता. ब्रश एका जुन्या मगमध्ये उभे, केस ताठ. खालच्या कप्प्यात तिचा ॲप्रन, बाह्यांवर निळे डाग. एवढेच. बाकी काही नव्हते. मला वाटले होते काहीतरी असेल. काय, ते सांगता येत नाही.

उर्वशीने एक बाटली हलवून पाहिली. आत खडखड वाजले. म्हणाली, "मेले सर हे. नवे आणा लागतीन."

हो म्हणालो. मुलांनी घरून गेरू, हळद, चुना आणि काजळ आणायचे ठरवले. कपाट उघडेच ठेवून निघालो.

२० ऑगस्ट, बुधवार

आरमोरीला जाऊन रंगीत खडूंचे डबे आणले. बोजारा म्हणून प्रत्येक मुलाला एक. पेढ्यांपेक्षा हे अधिक टिकाऊ.

ओवाळण्याचा सराव केला. हे काम घरची बाई करते, पण त्यात कौशल्य असे फारसे नाही. मनगटाची वर्तुळाकार गती. टेबलफॅनला पाटावर ठेवून तीनदा ओवाळले. फॅन अर्थात बंद होता. दुसऱ्यांदा निरांजन कलंडले. तिसऱ्यांदा उत्तम.

ग्रुपवर माझ्या नंबरवरून निमंत्रण टाकले: "सौ. ज्योत्स्ना यांच्या वतीने सर्व बालगोपाळांस तान्ह्या पोळ्याचे अगत्याचे निमंत्रण." सर्वांनी वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. एका पालकाने हात जोडलेले चित्र पाठवले आणि लगेच पुसून टाकले.

सायंकाळी गुणाबाई कुंपणापाशी आल्या. "सर, मनकर्णाबाई राखीले येऊन गेल्या नं. डबा उघडला का?"

हा आमचा कौटुंबिक विषय आहे, असे मी नम्रपणे सांगितले.

"तसं नाई जी," त्या म्हणाल्या, "लेकराइले धाडाचं का नाई, हे इचारून राह्यली मी." मी म्हणालो, धाडायचे. त्या जायला वळल्या. मग म्हणाल्या, "बाई असत्या त त्याइनंच सांगितलं असतं तुमाले."

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. गावातले बैल तोरणाखाली उभे राहिले. लांबूनच पाहिले. ढवळ्याच्या शिंगांना हिंगूळ लावलेला होता. कान आणि शिंग: एकास दोन. उर्वशीचे निरीक्षण अचूक आहे.

घर झाडून घेतले. दोरीवरची साडी घडी करून आत ठेवली. वाळली होती.

२३ ऑगस्ट, शनिवार

चार वाजल्यापासून दारात उभा होतो. पाट, निरांजन, कुंकू, अक्षता, खडूंचे डबे. नवा सदरा. आज वर्तमानपत्र वाचले नाही.

गल्लीच्या टोकाकडून आवाज आला. डफडे, आरडाओरड, प्रत्येक बैलाच्या गळ्यातले घुंगरू. मुलांनी बैल लाकडी फळ्यांवर ठेवून हातात धरले होते, काहींनी डोक्यावर. लाकडी नंदीवाले मागे, मातीवाले पुढे. एक बकरीही होती. कैफ सगळ्यात पुढे, ढोलासारखा डबा बडवत, आणि "सरका सरका, पाटलाचा बैल आला!" म्हणत होता. गुणाबाईंच्या दारात थांबले. ओवाळणे झाले, हशा झाला. कुणाला तरी दोनदा बोजारा मिळाला म्हणून भांडण झाले. त्यानंतर आमचे घर.

मी निरांजन लावले.

गुणाबाईंचे कुंपण संपते तिथे कैफने डबा बडवणे थांबवले. मागोमाग सगळे गप्प झाले. कुणी कुणाला सांगितले नाही. प्रत्येकाने एक हात बैलाच्या गळ्याशी नेला आणि घुंगरू मुठीत धरले. लहानांची मूठ पुरत नव्हती, ती दोन्ही हातांनी दाबत होती. फळ्या तिरक्या होत होत्या. आणि तशीच ती सर्व मुले आमच्या दारावरून पुढे गेली, रस्त्याच्या पलीकडच्या कडेने. पायांचा तेवढा आवाज. काहींनी मान खाली घातली होती. निकेशने माझ्याकडे पाहिले आणि परत खाली पाहिले.

मी हाक मारली, "उर्वशी!"

ती थांबली. फाटकापर्यंत आली नाही. पलीकडूनच म्हणाली, "सर, दारात नाई येत. आजी म्हणते तुमचा सण निंगाला नाई अजून. अडल्या घरासमोरून वाजवत नाई जात."

मी म्हणालो, मी सांगतो ना, या. मला चालते.

ती म्हणाली, "तुमाले चालन सर. पन आमच्या बाई मेल्या नं."

मग तिने फळी दोन्ही हातांनी वर उचलली. "इथूनच पाहा सर. नीट दिसून राह्यला का?" बसलेला बैल. चुन्याने पांढरा, डोळ्यांत काजळ, मान एका बाजूला वळवलेली, जणू मागून कुणी येत असावे. घुंगरू तिने अंगठ्याने दाबून धरले होते.

मी म्हणालो, "प्रमाण बरोबर आहे."

"हाव नं सर," ती म्हणाली आणि धावत गेली. तिसऱ्या घरापाशी घुंगरू पुन्हा वाजू लागले.

निरांजन तेल संपेपर्यंत जळले. निकष पूर्ण झाला नाही. याला आर्द्रता किंवा अन्य कोणतेही कारण देता येत नाही. दिवेलागणीला मनकर्णाला फोन केला. डबा घेऊन ये म्हणालो. ती काय म्हणाली ते ऐकू आले नाही. रडत होती.

२४ ऑगस्ट, रविवार

मनकर्णा पहिल्या बसने आली. पुन्हा खीर, पुन्हा करंज्या. गुणाबाईंनाही बोलावले. मला पाटावर बसवले. मनकर्णाने घास पुढे केला. मी तोंड उघडले.

गोड होता की नाही, लक्षात नाही. गिळायला वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

मनकर्णा म्हणाली, "राखीलेच खाल्ला असता त काल लेकरं आले असते, भाऊ." गुणाबाईंनी तिला गप्प केले. म्हणाल्या, "ज्याचा त्याले वेळ लागते." मग त्यांनी आमच्या चुलीवर कढई चढवली आणि थोड्या पुऱ्या तळल्या. तेल कुठे ठेवलेले असते ते त्यांना माहीत होते. मला नव्हते.

खडूंचे डबे दाराशी तसेच होते. मी विचारले, आता मुले येऊ शकतात का.

गुणाबाई पुरी उलटत म्हणाल्या, "आता कवाही येतीन सर. पन पोळा त काल सरला."

त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पोळा काल सरला. ज्योत्स्ना मे महिन्यात गेली.